मॉरिशसमधलं 'टिळक विद्यालय' : ऊसमळ्यातल्या एका हिंदी शाळेची शंभर वर्षं

पाऊलवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं कितीतरी दिवस मनात होतं. २०२६ हे वर्ष उजाडलं आणि म्हटलं, आता नाही तर कधी?

१२ जून १९२६ रोजी मॉरिशसच्या उत्तरेकडच्या लाँग माउंटन नावाच्या गावात एक हिंदी शाळा सुरू झाली. नाव ठेवलं 'तिलक विद्यालय'. तिलक म्हणजे आपले लोकमान्यच. त्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. टिळकांनी ते बेट कधी पाहिलं नाही, आणि शाळा काढणाऱ्यांतलं कुणी मराठी नव्हतं. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून ऊस तोडायला नेलेल्या मजुरांच्या मुला-नातवंडांनी ती काढली. गावातल्या मंगर भगत बंधूंचा पुढाकार होता. पुढे १९३५ मध्ये तिची रीतसर नोंदणी झाली ती 'हिंदी प्रचारिणी सभा' या नावाने. सभा आजही त्याच गावात आहे. तिचं ब्रीदवाक्य आहे, 'भाषा गयी तो संस्कृति गयी'.

मला हे कळलं तिकडे राहायला गेल्यावर. १९९१ ते १९९६ आम्ही वाक्वा या गावी होतो. मिस्टर एका कापड कारखान्यात होते. मी आधी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षिका होते, तिकडे मात्र दिवसभर घरी. शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, सत्तरीच्या असतील. सगळी आळी त्यांना नानी म्हणायची, मीही म्हणायला लागले. उभं आयुष्य उसाच्या मळ्यात गेलेलं, हाताच्या रेघा काळ्या पडलेल्या.

एकदा पेन्शनसाठी त्यांच्याबरोबर पोस्टात गेले. पुढच्या-मागच्या बायका अंगठा उठवत होत्या. नानींनी कारकुनाकडून पेन मागून घेतलं, पदर सावरला आणि कागदावर आधी एक लांब आडवी रेघ ओढली. मग त्या रेघेखाली एकेक अक्षर लटकवत गेल्या. चार अक्षरांचं नाव, नागरीत. मी पोरांना आयुष्यभर आधी अक्षर आणि मग शिरोरेषा असं शिकवलेलं, म्हणून वाटेत विचारलं, हे असं उलटं कुठे शिकलात? म्हणाल्या, बैठकामध्ये. गुरुजी सांगायचे, आधी दोरी बांधा, मग कपडे वाळत घाला.

हा 'बैठका' म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. आपल्याला ते बैठकचं अनेकवचन वाटतं, तिकडे ते एकवचनच आहे. मळ्याच्या वस्तीत गवताने शाकारलेली एक झोपडी. दिवसभर राबून आलेली माणसं संध्याकाळी तिथे जमायची, गोणपाटावर बसायची, कंदील लावायची. कुणीतरी रामचरितमानस वाचायचा, भांडणं मिटायची, लग्नं ठरायची, आणि ज्याला थोडंफार लिहिता-वाचता येतंय तो बाकीच्यांना अक्षरं शिकवायचा. पगार वगैरे काही नाही. भारतातून पहिली मजुरांची तुकडी 'ॲटलस' जहाजाने २ नोव्हेंबर १८३४ ला पोर्ट लुईला उतरली, ३६ माणसं. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास लोक आले. सरकार इंग्रजांचं, ऊसमळे बहुतांशी फ्रेंच वंशाच्या जमीनदारांचे, शाळांचा भर इंग्रजी-फ्रेंचवर. आपल्या पोराला तुलसीदास वाचता यावा असं ज्याला वाटे, त्याला हा बैठकाच होता. लाँग माउंटनची शाळा याच परंपरेत वाढली, पण तिने रात्रीच्या अक्षरओळखीच्या पुढे जाऊन नियमित वर्ग, परीक्षा, पुस्तकं अशी घडी बसवली.

मला सगळ्यात जास्त भावतं ते त्यांचं हस्तलिखित. १९३५ च्या सुमारास या मंडळींनी 'दुर्गा' नावाची हिंदी पत्रिका काढली. हाताने लिहिलेली, आणि हातोहात फिरवून वाचायची. मी शाळेत मुलांकडून दरवर्षी हस्तलिखित करून घेत असे. बोरूने लिहिलेलं मुखपृष्ठ, सुईदोऱ्याने शिवलेली पानं. त्यामुळे 'दुर्गा'बद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आमचा तो वार्षिक उपक्रम होता, त्यांचं ते वर्तमानपत्र आणि मासिक सगळं एकच होतं.

अजून खूप लिहायचं आहे, १९४८ ची निवडणूक तर राहिलीच. पण आधी विचारते, इथे कुणी मॉरिशसला राहिलंय का? कुणाला या शाळेबद्दल माहिती आहे?

---

निवांत

फार सुंदर. वाचनखूण साठवली. एक शंका आहे. टिळकच का? हिंदी शाळेला तुलसीदासांचं, दयानंदांचं नाव जास्त जवळचं वाटलं असतं ना?

---

पाऊलवाट

@निवांत, नाव ठेवताना त्यांच्यात काय बोलणं झालं ते कुणी लिहून ठेवल्याचं मी वाचलेलं नाही, त्यामुळे अंदाज नको. पण टिळक हिंदी माणसाला परके नव्हते एवढं नक्की. मंडालेच्या शिक्षेने ते घराघरात पोचले होते. नागपूरहून माधवराव सप्रे १९०७ पासून 'हिंद केसरी' काढत होते. आणि डिसेंबर १९०५ मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत टिळकांनी भारतीय भाषांसाठी एक सामाईक लिपी असावी आणि ती देवनागरी असावी, असं भाषण केलं होतं. माझ्या मनात आपलं सारखं येतं, नागरीची बाजू मांडणाऱ्या माणसाच्या नावाच्या शाळेत समुद्रापलीकडे मुलं नागरी गिरवत होती.

---

जास्वंद

पाऊलवाट, लेख आवडला, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ही माणसं घरी हिंदी बोलत नव्हती. बोलत होती भोजपुरी. हिंदी त्यांना शिकावी लागली. मग 'भाषा गयी तो संस्कृति गयी' म्हणताना नेमकी कुठली भाषा? बैठकांमधून हिंदी वाढली आणि भोजपुरीला गावंढळ ठरवलं गेलं, असंही घडलंच की. २०११ च्या जनगणनेत घरी भोजपुरी बोलणारे ५ टक्क्यांच्या आसपास उरले होते, आधीच्या, म्हणजे २००० च्या जनगणनेत ते १२ टक्के होते. आज सगळं बेट क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून तयार झालेली तिथली बोली, बोलतं.

माझी आजी मालवणी बोलायची. शाळेत गुरुजींनी 'शुद्ध बोल' म्हणून इतकं हिणवलं की पुढे ती चारचौघांत तोंडच उघडत नसे. त्यामुळे प्रमाणभाषेच्या शाळांचं कौतुक ऐकलं की मी थोडी सावध होते.

---

पाऊलवाट

जास्वंद, तुमच्या आजीचं वाचून वाईट वाटलं. आणि मुद्दा शंभर टक्के खरा आहे. नानी माझ्याशी हिंदी बोलायच्या तेव्हा जपून, शब्द निवडून बोलायच्या. मुलीशी भोजपुरीत भांडायच्या आणि नातवंडांवर क्रिओलमध्ये ओरडायच्या. तिन्ही एकाच स्वयंपाकघरात, दहा मिनिटांत.

पण भोजपुरी मागे पडण्याचं सगळं ओझं या शाळांवर टाकणं मला पटत नाही. मळे सोडून माणसं गिरण्यांत, कचेऱ्यांत, शहरात गेली. तिथे सगळ्यांची मिळून बोली क्रिओल. घरात नवरा-बायको क्रिओल बोलायला लागले की पोरं भोजपुरी कुठून शिकणार? बैठकामध्ये शिकवायचे हिंदीत, पण समजावून सांगायचे भोजपुरीतच. तेवढं भोजपुरीचं एक ठिकाण त्यांनी राखलं, असं मी म्हणेन. आणि बायकांच्या लग्नातल्या गाण्यांनी राखलं. २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेली मॉरिशसची 'गीत-गवाई' ती हीच. नानींकडे नातीच्या लग्नात बायका लोटा आणि चमचा वाजवत रात्रभर गात होत्या. मला त्यातलं अर्धंच कळत होतं, पण जात्यावरच्या ओव्यांची चाल कानाला ओळखीची लागत होती.

---

वर्धेकर

हा धागा उघडला आणि थेट नागपूरला पोचलो. पहिलं विश्व हिंदी संमेलन १० ते १४ जानेवारी १९७५ ला नागपुरात भरलं होतं. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने भरवलं होतं, आणि अनंत गोपाळ शेवडे यांचा त्यात मोठा वाटा होता, मातृभाषा मराठी आणि लेखन हिंदीत असलेले आमचे नागपूरकर. उद्घाटन इंदिरा गांधींनी केलं आणि प्रमुख पाहुणे होते मॉरिशसचे पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम.

मी तेव्हा अकरावीत होतो आणि वडिलांबरोबर गर्दीत मागे उभा होतो. भाषणातलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की वडील सारखं म्हणत होते, अरे, याचे वाडवडील बिहारमधून मजूर म्हणून गेले होते आणि हा देशाचा पंतप्रधान होऊन आला आहे. वडील समितीच्या परीक्षा घ्यायचे. प्रवेश, परिचय, कोविद. आमच्या ओसरीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडलेले असायचे.

पुढचंच, म्हणजे दुसरं संमेलन ऑगस्ट १९७६ मध्ये मॉरिशसला झालं. १० जानेवारी हा विश्व हिंदी दिवस झाला तोही नागपूरच्या तारखेवरूनच. आणि विश्व हिंदी सचिवालय आहे कुठे, तर मॉरिशसमध्ये. २००८ पासून काम करतंय.

तिकडच्या शाळेत परीक्षा कुठल्या असायच्या, पाऊलवाट?

---

पाऊलवाट

वर्धेकर, किती छान आठवण! तिकडे अलाहाबादच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या परीक्षा होत्या. १९४६ पासून सभेने त्या मॉरिशसमध्ये घ्यायला सुरुवात केली. प्रथमा, मध्यमा, उत्तमा. एखादा शिंपी, एखादा बसचा कंडक्टर रात्री अभ्यास करून उत्तमा व्हायचा आणि मग स्वतःच्या गावच्या बैठकामध्ये शिकवायचा. पुढे सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी आली तेव्हा शिक्षक कुठून मिळाले? याच परीक्षा दिलेल्यांतून बरेचसे. आणि लेखकही. अभिमन्यू अनतांचं 'लाल पसीना' १९७७ चं. मजुरांच्या या सगळ्या हालअपेष्टांवर मॉरिशसच्या माणसाने हिंदीत लिहिलेली कादंबरी. जरूर वाचा.

मोका इथली महात्मा गांधी संस्था १९७० च्या दशकातली. तिचा पायाही इंदिरा गांधींनीच घातला होता. तोवर सरकारी पैसा, इमारती, पदव्या सगळं आलं. पण त्याच्या आधीची चाळीस-पन्नास वर्षं ही उत्तमा झालेली माणसं खेचत होती.

---

सागरगोटा

१९४८ चं सांगा ना. अर्धवट सोडलंत.

---

पाऊलवाट

सांगते, तेच तर मुख्य.

१९४७ पर्यंत मॉरिशसमध्ये मत द्यायला मालमत्ता किंवा मिळकत लागायची. अख्ख्या बेटावर मतदार सुमारे १२ हजार. मजुरांचा प्रश्नच नव्हता. मग नवी घटना आली आणि अट बदलली. बेटावरच्या भाषांपैकी कुठल्याही एका भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली आणि सही करता आली, की मत. हिंदी चालणार होती.

आता इथे प्राध्यापक वासुदेव विष्णुदयाल यांचं नाव घ्यायलाच हवं. लाहोर आणि कोलकात्याला शिकून १९३९ मध्ये परतलेले. गावोगाव फिरून सभा घ्यायचे, सरकारने अनेकदा तुरुंगात टाकलं. डिसेंबर १९४३ मध्ये पोर्ट लुईला त्यांनी महायज्ञ भरवला होता, हजारो मजूर चालत, बैलगाडीने आले होते. त्यांचे स्वयंसेवक आणि गावोगावचे बैठका, सगळे एकाच कामाला लागले, माणसांना लिहायला शिकवणं. लाँग माउंटनसारख्या शाळांत वीस-बावीस वर्षं शिकून तयार झालेली माणसं होतीच. ऑगस्ट १९४८ च्या निवडणुकीपर्यंत मतदारांची संख्या १२ हजारांवरून ७० हजारांच्या पुढे गेली. निवडून आलेल्यांत भारतीय वंशाचे लोक पहिल्यांदाच मोठ्या संख्येने होते. तिथून वीस वर्षांनी, १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला.

नानी या ७० हजारांतल्या एक. तेव्हा पंचविशीच्या, पदरात दोन पोरं. दिवसभर मळ्यात, रात्री बैठकामध्ये. घरी पाटी नव्हती म्हणून चुलीतली राख जमिनीवर पसरून बोटाने गिरवायच्या आणि सकाळी सारवून टाकायच्या. नाव नोंदवायला गेल्या तेव्हा हात इतका थरथरत होता की शिरोरेषाच वाकडी आली, असं हसत सांगायच्या. मग साहेबाने दुसरा कागद दिला का, असं मी विचारलं. म्हणाल्या, नाही, वाकड्या दोरीवरही कपडे वाळतात.

---

निवांत

हे वाचून गप्प बसलो. दोनदा वाचलं.

---

केळशीकर

मी मॉरिशसला दोन वर्षं होतो, कामानिमित्त, त्यामुळे थोडी भर घालतो. तिथल्या मराठी लोकांची गोष्टही याच वाटेने गेलेली आहे. कोकणातून, मुंबई बंदरातून गेलेली माणसं. संख्या हिंदीवाल्यांच्या मानाने खूपच लहान, पण त्यांनीही वस्तीवस्तीत मराठी वर्ग चालवले. मराठी मंडळी फेडरेशन १९६० ची. आज तिथे सरकारी प्राथमिक शाळांत मराठी विषय घेता येतो, महात्मा गांधी संस्थेत मराठी विभाग आहे, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

मी दापोली तालुक्यातला. कास्कावेलला गणपतीत गेलो होतो. मुलं आपापसांत क्रिओल बोलत होती, मला वाटलं, इथे आता काही उरलं नसेल. मग ढोलकी वाजली आणि ती मुलं कमरेत वाकून गोल धरून नाचायला लागली. ते 'झाकरी' म्हणतात. अहो, ही आमची जाखडी! तीच पावलं, तोच ठेका. शब्द काही ठिकाणी झिजलेले, एका ओळीचा अर्थ त्यांनाही सांगता येईना. मी माझ्या गावाकडचं पाठ असलेलं म्हणून दाखवलं, तेव्हा एका आजोबांनी ते वहीत लिहून घेतलं. नागरीत. चष्मा नाकावर घसरलेला, एकेक अक्षर तपासून घेत होते माझ्याकडून.

---

सागरगोटा

सगळं मान्य, पण गेल्या वर्षी आपल्याकडे पहिलीपासून हिंदीवरून एवढा गदारोळ झाला, शेवटी सरकारला जून २०२५ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला, आणि आता आपण हिंदी शाळेच्या शंभरीचं कौतुक करतोय. मी स्वतः त्या निर्णयाच्या विरोधात होतो. मला ते जरा टोचलं, म्हणून लिहिलं. राग मानू नका.

---

पाऊलवाट

राग कसला! मीही विरोधातच होते. सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तिसरी भाषा लादू नये, हे मी तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेऊन सांगते आहे.

लाँग माउंटनला हुकूम काढणारं कुणी नव्हतं. सरकारला नको होतं, मळेवाल्याला नको होतं, तरी माणसं दिवसभर ऊस तोडून रात्री कंदिलाखाली बसत होती. त्यांना ती हवी होती. तामिळ, तेलुगू, उर्दू, मराठी माणसंही आपापल्या भाषेसाठी तिथे तेच करत होती. मला त्या हव्या असण्याबद्दल आदर आहे. मराठीवर माझं प्रेम आहे म्हणूनच तो मला नीट कळतो, असं वाटतं.

---

तांबडी_माती

पहिल्यांदाच लिहिते आहे. मी नेदरलँड्समध्ये राहते. आमच्या शेजारी सूरीनामी हिंदुस्तानी कुटुंब आहे. 'लाला रूख' जहाजाने १८७३ मध्ये भारतातून सूरीनामला गेलेल्या लोकांचे वंशज तिथून पुन्हा इकडे आलेले. घरी सरनामी बोलतात, भोजपुरी-अवधीतून तयार झालेली. शेजारच्या आजींनी एकदा त्यांचं जुनं प्रमाणपत्र दाखवलं आणि वर लिहिलेलं होतं वर्धा! सूरीनाममध्ये वर्ध्याच्या परीक्षा होतात. त्यांना वर्धा कुठे आहे ते माहीत नव्हतं, मी नकाशावर दाखवलं. वर्धेकर, कदाचित तुमच्या ओसरीसारख्याच एखाद्या ओसरीवर त्यांची उत्तरपत्रिका तपासली गेली असेल.

आम्ही इथे रविवारी मराठी शाळा चालवतो. अकरा मुलं आहेत. मध्यंतरी ज्या सभागृहात भरायची तिथलं भाडं अचानक दुप्पट झालं, तीन महिने एकेकाच्या घरी शाळा भरवली. दोन पालकांनी मुलं काढून घेतली, की एवढ्या धावपळीत कशाला. मी पण थकले होते, बंदच करू म्हणत होते. पाऊलवाट, शिकवण्याबद्दल एक विचारू का? आमच्या मुलांची अक्षरं सगळी वर-खाली होतात, रेषेत येतच नाहीत. नानींसारखं आधी रेघ ओढून शिकवलं तर चालेल?

---

वर्धेकर

@तांबडी_माती, त्या आजींच्या प्रमाणपत्रावर साल काय आहे? वडील १९८० पर्यंत परीक्षक होते. जमलं तर विचारून कळवा.

---

पाऊलवाट

@तांबडी_माती, चालेल, अगदी चालेल. तिकडची मुलं रोमन लिपीतून येतात, त्यांना अक्षर खालच्या ओळीवर बसवायची सवय असते. आपलं अक्षर वरून लोंबतं. वहीच्या छापील ओळीलाच शिरोरेषा म्हणा, ती त्यांना पेन्सिलने गडद करायला सांगा आणि सगळी अक्षरं तिच्या खाली काढायला लावा. सुरुवात ग, म, न, त यांनी करा, काना सरळ खाली येतो त्यांचा. थ, ध, भ शेवटी घ्या, तिथे रेघ तुटते, मुलं गोंधळतात. दोन आठवड्यांत फरक दिसेल. मग स्वतःचं नाव. आडनाव नंतर.

अकरा मुलांची नावं इथे लिहू नका, खाजगी निरोपात कळवा. मी प्रत्येकाचा कित्ता काढून पाठवते.